नऊ सत्तावन्नला जाणारा प्रिंटर

१

बुधवारी दुपारी भाच्याचा फोन आला. "आत्या, प्रिंटर गायब झालाय."

"चोरीला गेला?"

"नाही गं. आहे तिथेच आहे, बाबांच्या खोलीबाहेर. पण कॉम्प्युटरला दिसत नाही. सोमवारी गेला, संध्याकाळी मी परत जोडला. मंगळवारी गेला, परत जोडला. आज पुन्हा गेला."

"मग दुरुस्तीवाल्याला बोलव. मी काय करू?"

"तो येऊन गेला. म्हणतो, काही बिघाड नाही."

हे ऐकलं आणि मी पायात चपला सरकवल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर मी चौतीस वर्षं काढली आहेत. लोक चिडून फोन करायचे, लाइनमन जाऊन यायचा, सांगायचा, 'काही बिघाड नाही.' तिथे मी स्वतः जायची. वायर ठीक, खांब ठीक, डबा ठीक, आणि तरी फोन बंद, म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय हे मला कळायचं. लोक मला तारबाई म्हणायचे. ते नाव घरापर्यंत आलं आणि माझा थोरला भाऊ तर मला दुसऱ्या नावाने हाकच मारत नाही.

हा प्रिंटर गेला तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. दादाचं पुस्तक बिघडतं. दादाने पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हाताला जे जे कळलं ते सगळं त्याने दोन वर्षं बसून सांगितलं, सुनेने टाइप केलं, आणि दोनशे बारा पानांचं पुस्तक झालं. शेवटची पानं तपासून शनिवारी दुपारी बारापर्यंत प्रकाशकाकडे गेली नाहीत, तर छापखाना दुसरं काम घेणार आणि पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार. दादा अठ्ठ्याहत्तरचा आहे. त्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणं मला मान्य नव्हतं.

आणि दादाचा नियम कडक. कॉम्प्युटरवर तो वाचत नाही. प्रत्येक पान कागदावर छापून त्याच्या हातात यायचं, चुकांवर लाल खुणा व्हायच्या, पान पसंत पडलं की वर उजव्या कोपऱ्यात टिक. टिकेशिवाय एकही पान घराबाहेर जाणार नाही, हे त्याने प्रकाशकाला लेखी दिलं होतं.

एक्केचाळीस पानं उरली होती, आणि हातात तीन दिवस.

२

प्रिंटर पॅसेजमध्ये होता, दादाच्या दारापासून दोन पावलांवर, एका ठेंगण्या टेबलावर. कागद भरलेला, शाई भरलेली, दिवा चालू. फक्त वाय-फायचा लहान निळा दिवा लुकलुकत होता. तो लुकलुकला की समजायचं, साहेबांचा घरातल्या वाय-फायशी संबंध तुटलेला आहे. दिव्याशेजारी एक उंचवट्याचं बटण होतं. सुनेने सांगितलं, ते तीन सेकंद दाबून धरलं की वाय-फाय बंद होतं.

"चुकून दाबलं जात असेल?"

"तीन सेकंद कुणी चुकून दाबत नाही, आत्या."

पोरगी हुशार आहे. म्हणूनच मी तिच्यावर आधी संशय घेतला.

"बंड्या?" मी विचारलं. बंड्या म्हणजे घरातला कुत्रा. मागच्या वर्षी त्याने एक वायर चावून खाल्ली होती, म्हणजे पूर्वीचा गुन्हा नावावर होता.

"सकाळची कामं उरकून दहाला मी त्याला फिरायला नेते. साडेदहाला परत येऊन छापायला बसते, तेव्हा प्रिंटर गेलेला असतो."

"दहाला घरात कोण असतं?"

"हे वर मीटिंगमध्ये. बाबा खाली."

"मग सकाळी नाही जमलं, तर संध्याकाळी का नाही छापत? नवरा तर जोडून देतो ना?"

ती वैतागलीच. "बाबा नको म्हणतात. संध्याकाळच्या दिव्यात वाचत नाही, आणि रात्रभर कागद उघडे राहिले की सर्द होतात, म्हणे. मी म्हटलं, लांब केबल लावते, वाय-फायचं झंझटच नको. तर पायात येईल, पडेन म्हणाले. हे म्हणाले, दुकानातून छापून आणतो. तर माझी पानं बाजारात फिरणार नाहीत म्हणाले. आता सांगा, मी काय डोक्यावर घेऊन नाचू?"

तिचा राग खरा होता. पण तिच्या विरुद्ध जाणारीही एक गोष्ट होती, जी तिने आपणहून सांगितली नाही, मला विचारून काढावी लागली. सोमवारपासून तिची नवी नोकरी सुरू होणार होती. दोन वर्षं सासऱ्यांचं पुस्तक टाइप करून ती दमली होती. पुस्तक लांबलं, तर नोकरीआधीचे हे चार दिवस तरी ती सुटणार होती.

तिने मला शनिवारी छापलेली अठरा पानं दाखवली. "यात एकही चूक निघाली नाही. पहिल्यांदाच."

मी चाळली. आधीच्या पानांच्या घरी राहिलेल्या कच्च्या प्रतींवर लाल खुणांचा सडा, आणि ही अठरा कोरी करकरीत, फक्त वर उजवीकडे टिक. एका पानावर मात्र टिक खाली डावीकडे होती. गठ्ठ्यात तो कागद उलटा लागला असेल, असं म्हणून मी पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला तेव्हा चोर पकडायचा होता.

३

भाचा वरच्या खोलीत काम करत होता. मी त्याला सरळ विचारलं, "पुस्तक लांबलं तर तुला बरं वाटेल का?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "खरं सांगू? हो. बाबा खंगलेत, आत्या. जेवताना बोलत नाहीत. दोन महिन्यांत चेहरा उतरलाय. एक वर्ष थांबलं पुस्तक, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"म्हणून तू प्रिंटर तोडतोस?"

"मी रोज संध्याकाळी तासभर खपून जोडतो, आणि सकाळी मीच तोडू? मला वेड लागलंय का?"

उत्तर बरोबर होतं, पण मी त्याचं नाव काही खोडलं नाही. माणूस एका हाताने लावतो आणि दुसऱ्या हाताने काढतो, हे मी पुष्कळ पाहिलंय.

त्याचा संशय शेजारच्या दातांच्या डॉक्टरांवर होता. भिंतीला भिंत लागून त्यांचा दवाखाना, दहाला उघडतो. त्यांचं कुठलं तरी यंत्र सुरू झालं की आपलं वाय-फाय पडत असेल. मी जाऊन भेटले. डॉक्टरांनी मला खुर्चीतच बसवलं, तोंड उघडायला लावलं, एक दाढ काढावी लागेल म्हणाले, आणि मग सांगितलं की त्यांची मदतनीस सुट्टीवर असल्यामुळे हा आठवडाभर दवाखाना अकराला उघडतोय. डॉक्टर सुटले. माझी दाढ अडकली.

परत आले तेव्हा भाच्याने राऊटरमधली नोंद उघडून ठेवली होती. घरातलं कुठलं यंत्र वाय-फायवर कधी आलं आणि कधी गेलं, ते सगळं त्यात असतं.

"बघ. सोमवारी प्रिंटर गेला नऊ सत्तावन्नला. मंगळवारी नऊ सत्तावन्न. आज नऊ सत्तावन्न." तो खुशीत आला होता. "हे मशीनचंच काम. माणूस इतक्या ठोक्यावर चालतो का? कुठेतरी वेळ लावलेली असणार, ती शोधून काढतो."

"यंत्राला वेळ लावून द्यायची तर कुणी दहा लावेल," मी म्हटलं. "साडेनऊ लावेल. नऊ सत्तावन्न कोण लावतं?"

त्याने तासभर सगळी सेटिंग्ज धुंडाळली. वेळ कुठेच लावलेली नव्हती.

खाली आले. पॅसेजच्या भिंतीवर दादाचं जुनं टोल्यांचं घड्याळ आहे. त्याने पाचचे टोले दिले. मी सवयीने फोन बघितला. चार सत्तावन्न झाले होते.

मी दोनदा बघितलं. घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं.

म्हणजे आमचा चोर राऊटरच्या वेळेने चालत नव्हता आणि फोनच्याही नाही. तो या घड्याळाचे दहा टोले ऐकत होता आणि मग बटण दाबत होता. यंत्र टोले ऐकत नाही. चोर माणूसच होता, आणि तो घरातलाच होता.

४

सून दहाच्या टोल्यांवर कुत्र्याला घेऊन निघते. निघताना वाट प्रिंटरवरून जाते. मला जवळजवळ खात्री झाली होती. पण तक्रारीच्या टेबलावर एक गोष्ट शिकले होते: खात्री झाली की एकदा तपासून बघायचं, मगच तोंड उघडायचं.

संध्याकाळी दादा बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी पॅसेजमध्ये स्टुलावर चढले, घड्याळाची काच उघडली आणि मिनिटकाटा आणखी दहा मिनिटं पुढे ढकलला. कुणाला सांगितलं नाही. भाच्याने प्रिंटर परत जोडला. मी तिथेच मुक्काम केला.

गुरुवारी सकाळी दादा नेहमीसारखा घड्याळासमोर चहा घेत बसला. मला म्हणाला, "तारबाई, सापडला का तुझा फॉल्ट?"

"सापडेल."

"नाही सापडला तरी चालेल. यंत्र जुनं झालं की असंच असतं."

साडेनऊला मी भाचा, सून आणि बंड्या या तिघांनाही वर नेलं. कॉम्प्युटरसमोर बसवलं. यादीत प्रिंटर दिसत होता, तयार होता. "आता कुणी जागचं हलायचं नाही," मी सांगितलं. "आणि तुझी मीटिंग आज दहा मिनिटं थांबेल."

"आत्या, पण आपण करतोय काय?"

"वाट बघतोय."

खाली टोले पडायला लागले. सुनेने फोन बघितला. "अजून पावणेदहाच तर झालेत. आज घड्याळाला काय झालं?"

मी बोट ओठांवर ठेवलं. दहा टोले पडले. खाली एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. काही सेकंद गेले. मग प्रिंटरचं नाव फिकं झालं, आणि यादीतून गेलं.

भाच्याने घाईने नोंद उघडली. "नऊ सत्तेचाळीस."

सून माझ्या उजवीकडे होती, भाचा डावीकडे, आणि बंड्या माझ्या पायाशी झोपला होता. खाली एकच माणूस होता.

"बाबा?" भाचा उठलाच. "पुस्तक त्यांचं, आणि तेच... का?"

मी त्याचा हात धरून त्याला बसवला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, ते दिसत होतं. पण का खाल्लं, ते मला त्या क्षणी कळलं. मी घड्याळ पुढे ढकललं होतं ते चोरासाठी. पण ज्या माणसाच्या घरात घड्याळ अर्ध्या मिनिटाने चुकलं तरी जेवण थांबायचं, तो माणूस आज सकाळी तेरा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळासमोर, चार हातांवर बसून चहा प्यायला. आणि काही बोलला नाही.

घड्याळाला किल्ली देणं हाताला जमतं. वेळ लावायची तर डोळ्यांना दिसावं लागतं.

"ती अठरा पानं कुठे आहेत?" मी सुनेला विचारलं. तिने दिली. मी खाली डाव्या कोपऱ्यात टिक असलेलं पान काढलं आणि उलटं धरलं. टिक बरोबर वर उजवीकडे आली. अक्षरं डोक्यावर उभी होती.

सुनेने ते पान बघितलं आणि ती रडायला लागली. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

५

मी एकटीच खाली गेले. दादा खुर्चीत परत येऊन बसला होता, हात मांडीवर ठेवून.

"कोण, तारबाई?"

"हो. किती वाजले रे दादा?"

"आत्ताच तर दहा झाले."

"पावणेदहा होऊन चार मिनिटं झाली. घड्याळ मी काल पुढे केलं होतं."

त्याने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "हरामखोर."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच गेलो होतो. मधलं सगळं गेलंय. कडेने दिसतं. दार दिसतं, तू उभी आहेस हे दिसतं, तुझं तोंड दिसत नाही. परत येणार नाही म्हणाला. भिंगाने अक्षर लावत होतो, गेल्या आठवड्यात तेही बंद झालं."

"मग आम्हाला सांगायचं नाही?"

"काय सांगू? घड्याळजीचे डोळे गेले म्हणून?" त्याचा आवाज चढला. "शनिवारी ती अठरा पानं हातात घेतली. एक अक्षर दिसलं नाही. आणि मी टिका केल्या, तारबाई. अठरा खोट्या टिका. पन्नास वर्षांत न तपासता एक घड्याळ गिऱ्हाइकाला दिलं नाही मी. रविवारी झोप नाही. मग म्हटलं, यंत्रच बंद पडू दे. यंत्रामुळे पुस्तक राहिलं म्हणतील. माझ्यामुळे राहिलं, असं कुणी म्हणणार नाही."

माझा हा भाऊ मला लहानपणापासून शहाणा वाटत आला. त्या दिवशी मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन महिने तो भरल्या घरात एकटा बसला होता, आणि आम्ही कागद सर्द होतात का यावर वाद घालत होतो.

"उठ," मी म्हटलं. "एकोणसाठ पानं आहेत. ती अठरा धरून. शनिवारी बारापर्यंत. मी वाचते, तू ऐक."

"तुला घड्याळातलं काय कळतं?"

"काडीचं नाही. म्हणून तर मी लिहिलंय तेच वाचेन. चौतीस वर्षं लोकांना आकडे वाचून दाखवलेत, एकेक अंक सुटा करून. तुझ्या सुनेला सगळं पाठ झालंय, ती न लिहिलेलंही वाचेल."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मी वरती ओरडून सांगितलं की प्रिंटर जोडा आणि छापा.

६

तीन दिवसांत माझा घसा बसला. मी वाचायचे, विराम, पूर्णविराम, आकडे, आकृत्यांखालची नावं, सगळं. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच हात वर करायचा. "थांब. परत. किती दात म्हणालीस त्या चाकाला?" मी परत वाचायचे. "चूक. चौसष्ट कर." पहिल्या अठरा पानांतच एकवीस चुका निघाल्या. आकृत्या आल्या तेव्हा भाच्याने रजा टाकली. दादाने एक बंद घड्याळ उघडून घेतलं, बोटांनी एकेक भाग चाचपत सांगू लागला आणि भाचा चित्राशी ताडून बघू लागला. बापाच्या धंद्याला त्याने पहिल्यांदा हात लावला असेल. सून दुरुस्त्या टाइप करून तिसऱ्या मिनिटाला नवीन पान काढायची. तिघांपैकी कुणीही दादाला 'दमलात का' असं विचारलं नाही. मी तशी तंबीच देऊन ठेवली होती.

शनिवारी साडेअकराला शेवटचं पान झालं. सुनेने सवयीने लाल पेन पुढे केलं. दादाने ते घेतलं नाही.

"टिक नको. एक पान नवीन टाइप कर."

त्याने सांगितलं, तिने लिहिलं, आणि मी वाचून दाखवलं. भाचा अवघडला. "बाबा, हे छापायलाच हवं का? चुका तर सगळ्या निघाल्यात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," दादा म्हणाला. "बस झालं."

बाराला पाच कमी असताना प्रकाशकाचा माणूस आला. गठ्ठा मोजला, टिका शोधायला लागला, सापडेनात. मग सर्वांत खालचं पान त्याच्या हाताला लागलं. तो उभ्या उभ्या वाचायला लागला आणि वाचता वाचता खुर्चीवर बसला. त्यावर एवढंच होतं:

'या पुस्तकाची शेवटची एकोणसाठ पानं मी डोळ्यांनी तपासलेली नाहीत. माझे डोळे गेले आहेत. ही पानं माझ्या बहिणीने मला वाचून दाखवली आणि मी ऐकून दुरुस्त केली. आधीची पानं मी स्वतः पाहिली, पण ती ऐकलेली नाहीत. त्यांत चूक सापडली, तर मला कळवावं. मी अजून काम करतो.'

त्या माणसाने पान गठ्ठ्यावर ठेवलं. दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे शेवटी घालू का?" त्याने विचारलं.

"पहिलं घाला," दादा म्हणाला. "आणि आधीची पानं आजच परत पाठवा. एकशे त्रेपन्न आहेत. सोमवारपर्यंत तारबाईचा घसा बरा होईल."

"अहो, पण छापखाना..."

"छापखान्याला सांगा, तोवर ही एकोणसाठ लावायला घ्या. आधीची मी एकदा तपासलेली आहेत, रोज एक्कावन्न होतील. बुधवारी रात्री तुमच्या हातात देतो."

मी काही म्हणायच्या आत तो माणूस 'बरं' म्हणून गेला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सोमवारी सकाळी आठला मी पान एक हातात घेऊन दादासमोर बसले.